बिनकड्याचा जंतू

मीडियाबाई हे नाव त्यांना प्रयोगशाळेनं दिलं आणि गल्लीनं त्याचा भलताच अर्थ लावला. जंतू वाढवायला जे खाद्य लागतं त्याला प्रयोगशाळेत मीडिया म्हणतात. ते शिजवायचं काम बाईंनी एकतीस वर्षं केलं. शेजाऱ्यांना मात्र वाटायचं, बाई बातम्यांच्या धंद्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यात नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला. ‘हे प्रेसमध्ये, त्या मीडियात’ अशी दोघांची ओळख करून दिली जायची, आणि गटार तुंबलं की चार माणसं दारात येऊन उभी राहायची, तेवढं छापून आणा म्हणून. बाईंनी दोन-तीनदा खुलासा करून पाहिला. मग नाद सोडला आणि स्वतःच नगरपालिकेला अर्ज लिहून द्यायला लागल्या. गटारं साफ होत गेली आणि गल्लीचा समज आणखीच पक्का झाला.

निवृत्त होऊन तेरा वर्षं उलटली होती, तेव्हा एका सकाळी फोन आला.

“बाई, मी चिमणी.”

बाईंनी हातातलं शिवण बाजूला ठेवलं. चिमणी म्हणजे पूर्वी त्यांच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणारी मुलगी. चणीनं लहान, एका जागी दोन मिनिटं न टिकणारी, म्हणून बाईंनीच ते नाव ठेवलेलं. आता ती तिथली प्रमुख होती, केस पांढरे झाले होते, हाताखालची माणसं तिला मॅडम म्हणत. फोनवरचा आवाज मात्र जुनाच होता, शब्द एकमेकांच्या पायात येणारा.

“जुनी इमारत रिकामी करतोय आम्ही. कपाटात काचेच्या कुप्या आहेत, जंतू वाळवून बंद केलेल्या. वही तुमच्या अक्षरातली. तुमच्या खुणा कोणाच्या बापाला लागत नाहीत.”

“कुठली कुपी हवीय?”

“आपला मुका.”

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

“काही लोक औषध शोधतायत,” चिमणी सांगू लागली, “जंतूला न मारता त्याचं विष बाहेर पडायचं दार तेवढं बंद करणारं. त्यांना मूळचा मुका हवाय, ताडून बघायला. गाडी पाठवू?”

“गाडी कशाला? बस आहे की,” बाई म्हणाल्या, आणि कुठली साडी नेसावी याचा विचार करू लागल्या.

तळमजल्यावर मागच्या बाजूला त्यांची खोली होती. कुलूप काढलं तेव्हा आतून नुसता धुळीचा वास आला आणि बाईंना चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्या खोलीला कधी असा वास नव्हता. तिथे मांसाचा रस उकळायचा, खाद्य थिजवायचं अगार विरघळायचं, कापसाची बुचं वाफेत भाजल्यासारखी व्हायची. या सगळ्यांचा मिळून एक उबदार, किंचित गोडूस वास बाईंच्या केसांत बसलेला असायचा. घरी गेल्यावर नवरा म्हणायचा, “आज काय शिजवलंत जंतूंना? आम्हाला कधी असं मन लावून मिळत नाही.” भिंतीकडेचे दोन ऑटोक्लेव्ह केव्हाच भंगारात गेले होते. प्रेशर कुकरच्या थोरल्या बहिणी म्हणाव्यात अशी ती धूडं उभी होती तिथे फरशीवर दोन गोल डाग तेवढे उरले होते. लांबलचक दगडी ओटा मात्र जागच्या जागी होता. बाईंनी त्यावर तळवा ठेवला. तेहतीस वर्षांपूर्वीचं ते सगळं प्रकरण याच ओट्यावर घडलं होतं.

तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर. उंच, वाकलेले, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधणारे. जुलाबाच्या एका भयंकर आजाराचा जंतू हा त्यांचा विषय. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी एकदा जिन्यात त्यांनी सरांना विचारलं होतं, की एवढासा जंतू अख्ख्या माणसाला एका दिवसात कसा सुकवतो? विचारायचं कारण बाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांची धाकटी बहीण सहा वर्षांची असताना सकाळी खेळत होती आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत गेली होती.

सर जिन्याच्या पायरीवरच बसले होते. “मीडियाबाई, मौज अशी आहे की तो आत शिरतच नाही,” ते म्हणाले होते. “आतड्याच्या भिंतीला बाहेरून चिकटतो आणि तिथूनच विष सोडतो. आत जातं ते विष. त्यानं शरीरातलं पाणी सुटतं, सुटतच जातं. हा गडी आपला दाराशीच.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण हे विष तो स्वतःच्या अंगातून बाहेर कसं काढतो, ते मात्र कोणाला धड माहीत नाही. त्याच्या अंगावर दोन-दोन आवरणं असतात. त्यांतून एवढी मोठी वस्तू न फुटता, न सांडता बाहेर कशी येते?”

ते बोलणं बाईंच्या मनात घर करून राहिलं. दहा वर्षांनी चिमणी आली ती हाच प्रश्न घेऊन.

चिमणीचा बेत सोपा होता, पण चिकाटीचा. जंतूंमध्ये मुद्दाम बिघाड करायचा, हजारो बिघडलेल्यांतून हवा तो शोधायचा. शोधायचा कसा, तर दुधावर. हा जंतू विषाबरोबर आणखीही एक रस बाहेर टाकतो, दूध पचवणारा. दूध घातलेल्या पांढऱ्या प्लेटवर, म्हणजे झाकणाच्या चपट्या बशीत थिजवलेल्या खाद्यावर, जंतू वाढवला की प्रत्येक ठिपक्याभोवती दूध विरघळून पारदर्शक कडं पडतं. ज्याच्याभोवती कडं नाही, तो रस बाहेर टाकत नाही. तो आपला.

त्या दुधाच्या प्लेटा बाईंनी दीड वर्ष ओतल्या. दूध वेगळं तापवायचं, बेतानं, नाहीतर ते तांबूस होतं आणि सगळं मुसळ केरात. अगारचा फ्लास्क गालाला लावून बघायचा. गालाला सोसला की त्यात दूध घालायचं, फेस न आणता हलवायचं आणि गुठळी धरायच्या आत ओतायचं. दिवसाला दोनशे. चिमणी ओट्यावर चढून बसायची, पाय हलवत बडबड करायची आणि एक प्लेट नीट ओतायची नाही.

तीनशे बारा क्रमांकाचा ठिपका सापडला तो असा. जोमानं वाढायचा, पण भोवती दूध जसंच्या तसं. चिमणीनं त्याचं नाव मुका ठेवलं. सर मात्र फारसे खूश झाले नाहीत. चिमणीनं मुका पातळ खाद्यात वाढवून भोवतालचं पाणी तपासलं. त्यात दूध पचवणारा रस नव्हता आणि विषही नव्हतं.

“दोन्ही नाही म्हणजे हा आजारी जंतू आहे,” सर म्हणाले. “काही बनवतच नाही. आजारी गडी काम करत नाही, त्यात शोध कसला? पुढचा बघ.”

चिमणी आठवडाभर तोंड पाडून फिरली. मग चार दिवसांची सुट्टी आली आणि ती घरी निघून गेली. जाताना मुक्याची एक प्लेट उबेच्या पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, तशीच राहून गेली.

सुट्टीनंतर टाकाऊ प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं काम बाईंचंच. बाईंची एक सवय होती. प्रत्येक प्लेट टाकण्याआधी उजेडात धरून बघायची. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मीडिया बिघडल्याचा ठपका त्यांच्यावर आला होता आणि प्लेटा तपासायला उरल्या नव्हत्या. तेव्हापासून बघितल्याशिवाय काही फेकायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या सकाळी त्यांनी ती प्लेट खिडकीशी धरली आणि हात तसाच राहिला. अकरा ठिपके होते. अकराही ठिपक्यांभोवती बारीक, स्वच्छ कडं होतं.

चिमणी आल्या आल्या बाईंनी प्लेट तिच्या हातात दिली. “तुझ्या मुक्याला वाचा फुटली बघ.”

चिमणीनं बघितलं आणि मान हलवली. “दुसरा कुठला तरी जंतू पडला असेल, बाई. चार दिवस उघड्यावर…”

“उघड्यावर नव्हती. झाकण होतं. आणि घाण पडली असती तर एका कोपऱ्यात पडली असती. अकरा ठिकाणी मोजून मापून कशी पडेल?”

“मग काय असेल?”

“मी काय सांगणार? पण चार दिवसांत हे मेले असतील ना उपाशी? मेल्यावर अंग फुटत असेल. जे बाहेर आलं ते आत असल्याशिवाय कसं येईल?”

चिमणीनं प्लेट पुन्हा खिडकीशी धरली आणि अकराही कडी मोजली.

दोघी प्लेट घेऊन वर सरांकडे गेल्या. सरांच्या टेबलावर कागदांचा ढीग होता, कुठलीशी समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. त्यांनी प्लेटकडे ओझरतं पाहिलं. चिमणी घाईघाईनं सांगत होती, त्यात बाई एक वाक्य बोलल्या. सरांनी मान वर केली.

“मीडियाबाई, तुम्ही पातेल्यात काय घालायचं ते बघा. आत काय शिजतंय ते आम्ही बघतो.”

खोलीत आणखी दोघं होते, ते हसले. बाई खाली आल्या आणि त्या दिवशीचा मीडिया त्यांनी इतका नेटका केला की एक बुडबुडा सापडला नसता. दुखावल्या की बाईंचा हात जास्त नेटका चालायचा.

चिमणीनं मात्र ऐकलं नाही. तिनं ताजे, जिवंत मुके घेतले, किर्र करणाऱ्या यंत्रात त्यांची अंगं फोडली आणि आतला रस तपासला. थोडा दुधाच्या प्लेटवर टाकला, तर भलंमोठं कडं पडलं. थोडा काचेच्या बाटलीत वाढवलेल्या पेशींवर टाकला. विष लागलं की त्या पेशी लांबट होतात. दुसऱ्या दिवशी चिमणीनं बाईंना ओढत सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. गोलसर असायला हव्या त्या पेशी सगळ्या लांबलचक झाल्या होत्या.

“सगळं आत आहे, बाई,” चिमणी म्हणाली. “विषही, रसही. बनवतो, अगदी पोटभर बनवतो. फक्त बाहेर काढता येत नाही त्याला. आणि एकाच बिघाडानं दोन्ही अडकलं, म्हणजे दोन्ही एकाच दारानं जातात. दार आहे, बाई. त्याला दार आहे.”

बाईंना त्या क्षणी आपली बहीण आठवली. अंगणात वाकून खडे वेचणारी. दार मोडलेला हा जंतू तिच्या पोटात गेला असता तर तिला काही झालं नसतं, ती आज चाळिशीला टेकली असती, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. चिमणीला त्या एवढंच म्हणाल्या, “पुन्हा करून बघ. एकदा आलं म्हणजे आलं असं नाही.”

चिमणीनं पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच आलं.

त्यानंतर सर बदलले, निदान बाईंना तसं वाटलं. समोर आले की नजर चुकवायचे. जिन्यात भेटले तर ‘बरं आहे ना’ म्हणून पुढे जायचे. दोन महिन्यांनी लेख छापून आला. चिमणीनं तो बाईंच्या हातात दिला आणि बोटानं दाखवलं: पहिलं नाव चिमणीचं, दुसरं बाईंचं. तिसरं नाव नव्हतंच. सरांचं नाव कुठेच नव्हतं.

बाईंनी लेख घरी नेला. नवऱ्यानं आपल्या धंद्याप्रमाणे आधी छपाई बघितली, एक अक्षर उलटं लागल्याचं शोधून काढलं, मग बायकोच्या नावावरून अंगठा फिरवला. पण बाईंच्या मनात ते दुसऱ्याच बाजूनं रुतलं. मीडिया शिजवणाऱ्या बाईच्या शेजारी नाव नको म्हणून सरांनी स्वतःचं काढून घेतलं, असं त्यांनी धरलं. कोणाला विचारलं नाही. चिमणी त्याच महिन्यात पुढच्या शिक्षणाला दूर निघून गेली. पुढे आठ वर्षं बाईंनी सरांच्या कामात तसूभर कसूर केली नाही, पण कामापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. सर निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांचा फोटो काढला, तेव्हा बाई बुचं वळत बसल्या होत्या. सर वारल्याचं कळलं तेव्हाही त्या गेल्या नाहीत. त्यालाही आता दहा वर्षं झाली होती.

आता त्याच ओट्याशी बसून बाईंनी वही उघडली. त्यांच्या खुणा म्हणजे फार काही नव्हतं. दुधाला चंद्रकोर, मांसरसाला आडवी रेघ, आणि जो जंतू हातचा जाऊ द्यायचा नाही त्याला शेजारी एक टिंब. मुक्याला चंद्रकोर होती आणि तीन टिंबं होती. कुपी सापडली. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, आत चिमूटभर पांढरी पूड.

“उठेल का हा?” चिमणीनं विचारलं.

“उठला तर दुधावरच ओळखता येईल. दुधाच्या प्लेटा कुठे आहेत?”

प्लेटा नव्हत्या. आता सगळं तयार येतं, आणि दुधाचं कोणी मागवत नाही. मग नव्या इमारतीच्या लखलखीत खोलीत बाईंनी पदर खोचला. तिथल्या दोन संशोधक मुली तापमापक घेऊन उभ्या होत्या, बाईंनी फ्लास्क गालाला लावला आणि म्हणाल्या, “झालं.” एकीनं तापमापक घालून पाहिला, आकडा बरोबर होता, आणि तिनं दुसऱ्या मुलीकडे बघून भुवया उंचावल्या. बाईंनी वीस प्लेटा ओतल्या. पहिल्या तीन थोड्या जाड झाल्या, हात सुटला होता. मग लय सापडली.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा बसनं आल्या. मुका उठला होता. ठसठशीत ठिपके, भोवती दूध जसंच्या तसं. चिमणीनं एकसष्टीला टेकलेल्या बाईला न शोभेल अशी टाळी वाजवली आणि दोघी चहा घेऊन खिडकीशी बसल्या.

“सरांना दाखवायला हवं होतं,” चिमणी म्हणाली.

बाईंनी कप खाली ठेवला. “त्यांनी बघितलं नसतं. माझ्याबरोबर नाव नको होतं त्यांना.”

“काय म्हणता?”

बाईंनी मग तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच ते तोंडानं उच्चारलं. चिमणी ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

“बाई, तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.” तिनं खुर्ची पुढे ओढली. “लेखावर तीन नावं होती. तुमचं घालायचं सरांनीच सांगितलं. संचालकांनी लेख अडवला. म्हणाले, मदतनीस बाईचं नाव गेलं तर संस्थेचं हसं होईल, तिचे खाली आभार माना. सर म्हणाले, बघितलं तिनं, सिद्ध केलं या पोरीनं, मी फक्त नाही म्हणालो. एक नाव कमीच करायचं असेल तर माझं करा. दोन दिवस त्यांचं वाजलं. शेवटी सरांनी स्वतःच्या हातानं आपलं नाव खोडलं आणि लेख धाडून दिला. नंतर त्यांना संचालक व्हायचं होतं, ते झालं नाही. यामुळेच, असं सगळे म्हणायचे.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“मला म्हणाले होते, मीडियाबाईंना मी चारचौघांत टाकून बोललो, आता त्यांच्यावर उपकार केल्यासारखं दिसेल. मी सांगेन कधीतरी सवडीनं. मग मी निघून गेले. मला वाटलं, सांगितलं असेल.”

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. खाली जुन्या इमारतीतली कपाटं एकेक करून गाडीत चढवत होते.

“आठ वर्षं,” त्या म्हणाल्या. “रोज दिसायचे. मी त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाही. एवढं पोटात ठेवून राहिला हा माणूस.” मग त्यांनी पदरानं चष्मा पुसला. “घरी कोण आहे त्यांच्या?”

“त्यांच्या पत्नी आहेत. एकट्याच असतात.”

रविवारी दोघी गेल्या. तिसरा मजला, अरुंद गॅलरी, दाराशी कुंड्यांची रांग. सरांच्या पत्नीनं दार उघडलं. ऐंशीच्या घरातल्या, ताठ, कानात यंत्र. चिमणीला त्यांनी ओळखलं.

“आणि या?”

“मी मीडियाबाई. सरांच्या प्रयोगशाळेत होते.”

“बसा ना. हे घरी कामाचं कधी काही बोलायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “मी विचारलं की म्हणायचे, तुला कंटाळा येईल. एवढी वर्षं संसार केला, पण हे दिवसभर काय करायचे ते मला कोणी धड सांगितलेलंच नाही.”

मीडियाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, त्या नीट मागे सरकून बसल्या. आणि त्यांनी जिन्यापासून सुरुवात केली. आजाराचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं. जंतूच्या दोन आवरणांचं सांगताना एका मुठीवर दुसरा हात धरून दाखवला. दुधाच्या प्लेटा, अकरा कडी, सर काय म्हणाले, दोघं कसे हसले, सगळं जसं घडलं तसं. सरांच्या पत्नी मध्ये एकदाच बोलल्या. कानातलं यंत्र नीट बसवत म्हणाल्या, “जरा हळू सांगा. आणि ते खोडलेल्या नावाचं पुन्हा एकदा सांगा.”

बाईंनी पुन्हा सांगितलं.